नदीला पाणी परत देताना : कोळसा खाणींतील निवळण तळ्यांविषयी

उघड्या कोळसा खाणीवर पावसाळा आला की दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. खाणीच्या तळाशी साचलेले पाणी पंपाने उपसायचे असते आणि वरच्या ढिगाऱ्यांवरून धावत येणारे गढूळ पाणी वाटेत अडवायचे असते. पहिल्या कामाकडे सगळ्यांचे लक्ष असते, कारण पंप थांबले की उत्पादन थांबते. दुसऱ्या कामात हयगय झाली तर खाणीचे त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडते ते खालच्या नाल्याचे, नाल्याकाठच्या शेताचे आणि शेवटी नदीचे. ही पुस्तिका त्या दुसऱ्या कामाविषयी आहे. खाणीवर पडलेल्या पावसाचे पाणी अडवून, त्यातला गाळ खाली बसवून ते स्वच्छ करून नाल्यात सोडणारे तळे कसे आखावे, कसे बांधावे आणि कसे सांभाळावे, एवढाच तिचा विषय. खाणीतले लोक त्याला सेटलिंग पाँड म्हणतात. या पुस्तिकेत निवळण तळे हा शब्द वापरला आहे.

मी पुण्याजवळच्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातला माणूस, आणि चाकणमध्ये कोळसा निघत नाही. मग चाकणच्या माणसाने या विषयाला प्रस्तावना का लिहावी? कारण चाकणचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. खाणीत माती आणि दगड उचलणारे एक्स्कॅव्हेटर, ज्यांना साइटवर सगळेच पोकलेन म्हणतात, ते आमच्या पट्ट्यात तयार होतात. सॅनी आणि ह्युंदाई या दोन्ही कंपन्यांचे असे यंत्र बनवणारे कारखाने चाकणला आहेत. दुसरा संबंध विजेचा. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक वीज केंद्रात जळणारा कोळसा प्रामुख्याने विदर्भातल्या खाणींतून येतो, आणि चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर धावणारी, १,५०० मेगावॉट क्षमतेची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ पासून ती वीज पश्चिम महाराष्ट्राच्या जाळ्यात आणते. इथल्या प्रेस शॉपमधला दिवा लागतो तेव्हा त्यामागे कुठेतरी वर्धा नदीच्या खोऱ्यातला मातीचा एक ढिगारा वाढलेला असतो. त्या ढिगाऱ्यावर पडणाऱ्या पावसाचे काय होते, हे समजून घेणे हे आमचेही काम आहे.

महाराष्ट्रातला कोळसा मुख्यतः चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या जिल्ह्यांत आहे. वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकातच खाण सुरू झाली होती. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्ये कोल इंडियाची उपकंपनी म्हणून वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे वेकोलि उभी राहिली आणि तिचे मुख्यालय नागपूरला आले. आज वणी, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, चंद्रपूर, उमरेड ही नावे घेतली की डोळ्यांपुढे उघड्या खाणी येतात. यांतल्या बहुतेक खाणी वर्धा, पैनगंगा, इरई, निर्गुडा अशा नद्यांच्या खोऱ्यात आहेत, काही तर अगदी काठावर. नदीकाठच्या ढिगाऱ्यांची माती पात्रात उतरते, पात्र उथळ होते आणि पूर लवकर पसरतो, अशी चंद्रपूरकरांची जुनी तक्रार आहे. २०१३ आणि २०२२ च्या पुरांनंतर ती अधिक तीव्रतेने मांडली गेली. पुराला कारणे अनेक असतात. पण ढिगाऱ्यावरून सुटलेले मातीचे प्रत्येक घमेले खाली कुठेतरी बसणारच, याबद्दल वाद होऊ शकत नाही. ते खाणीच्या हद्दीत बसेल की नदीच्या पात्रात, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर आराखडा करणाऱ्याच्या हातात असते.

या खोऱ्यातली माती हा प्रश्न अवघड करते. कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी आधी वरचे सगळे थर काढावे लागतात. याला खाणीत ओव्हरबर्डन किंवा नुसते ओबी म्हणतात. सगळ्यात वर काळी कपाशीची माती, तिच्याखाली पिवळसर चिकणमाती, मग कामठी थराचे वालुकाश्म आणि त्याखाली बराकर थरातले वालुकाश्म, शेल आणि कोळसा. काळ्या मातीतला मुख्य खनिज घटक मॉन्टमोरिलोनाइट. ओली झाली की ही माती फुगते आणि वाळली की हातभर भेगा पडतात, हे वैदर्भीय शेतकऱ्याला सांगायला नको. तीच माती ढिगाऱ्याच्या उघड्या उतारावर आली आणि तिच्यावर जोराचा पाऊस पडला, की तिचे अतिसूक्ष्म कण सुटे होऊन पाण्यात तरंगत राहतात. पूर्व विदर्भात वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तोही थोड्याच मुसळधार तासांत. निवळण तळ्याची परीक्षा त्या मोजक्या तासांत होते. वर्षभराच्या सरासरीवर आखलेले तळे नेमके त्याच वेळी कामाला येत नाही.

कायद्याची अपेक्षा स्पष्ट आहे. केंद्र सरकारने २००० मध्ये पर्यावरण संरक्षण नियमांत कोळसा खाणींसाठी स्वतंत्र मानके घातली. खाणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तरंगते घन कण लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, सामू ५.५ ते ९ या मर्यादेत असावा, तेल आणि ग्रीस १० मिलिग्रॅमच्या आत असावे. पाणी सिंचनासाठी जमिनीवर सोडायचे असेल तर घन कणांची मर्यादा २०० मिलिग्रॅम. खाणीला पर्यावरण मंजुरी देताना ज्या अटी घातल्या जातात त्यांतही हा विषय दरवेळी येतो. ढिगाऱ्याभोवती गारलँड ड्रेन म्हणजे वळणनाले असावेत, त्यांच्या कोपऱ्यांवर गाळ बसण्याचे खड्डे असावेत, ते वेळोवेळी उपसावेत. नाल्यांचा आकार आणि संप म्हणजे पाणी साठवणाऱ्या खड्ड्याची क्षमता ठरवताना गेल्या पन्नास वर्षांतला अकस्मात पडलेला सर्वाधिक पाऊस धरावा आणि त्यावर ५० टक्के जादा ठेवावी. ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा. अटी कागदावर पुरेशा आहेत. अडचण अशी की अट काय साधायचे ते सांगते, कसे साधायचे ते सांगत नाही. ते या पुस्तिकेने सांगायचे आहे.

मुळाशी एक साधा नियम आहे. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दाखवले की स्थिर पाण्यात बारीक कण किती वेगाने खाली जातो हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. व्यास निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो. या नियमाने मोजले तर १०० मायक्रॉनचा बारीक वाळूचा कण एक मीटर पाणी दोनेक मिनिटांत ओलांडतो. २० मायक्रॉनच्या कणाला पाऊण तास लागतो, १० मायक्रॉनच्या कणाला तीन तास, आणि २ मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवसांहून अधिक. तेही पाणी अगदी शांत असेल तर. कोळशाची भुकटी मातीपेक्षा पुष्कळ हलकी असल्यामुळे त्याच आकाराचा कोळशाचा कण मातीच्या कणाच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या वेगाने खाली बसतो. ही चार-पाच उत्तरे पाठ असली की तळ्याच्या आराखड्यातला निम्मा गोंधळ कमी होतो.

दुसरी गोष्ट अॅलन हेझन यांनी १९०४ मध्ये मांडली आणि ती आजही साइटवर वारंवार विसरली जाते. तळे किती कण पकडेल हे त्याच्या पाण्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते. येणारा प्रवाह भागिले क्षेत्रफळ, हा आकडा कणाच्या खाली बसण्याच्या वेगापेक्षा कमी असेल तरच तो कण तळ्यात राहतो. खोली वाढवली की साठा वाढतो, गाळाला जागा मिळते, पण बारीक कण पकडण्याची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. जागा नाही म्हणून अरुंद आणि खोल खड्डा खणून त्याला निवळण तळे म्हणणे ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे.

एक उदाहरण करून पाहू. समजा ५० हेक्टरचा एक ढिगारा आहे, तासाला ५० मिलिमीटर वेगाने पाऊस पडतो आहे आणि त्यातला ६० टक्के वाहून येतो. हिशेब केला तर तळ्याच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे ४,२०० लिटर पाणी येते. २० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवायचे ठरवले तर लागणारे क्षेत्रफळ सुमारे ११,६०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास तीन एकर. १० मायक्रॉनपर्यंत जायचे तर चौपट, साडेचार हेक्टरच्या वर. आणि २ मायक्रॉनची चिकणमाती केवळ तळ्याच्या जोरावर बसवायची म्हटले तर ११६ हेक्टर. ढिगारा ५० हेक्टरचा आणि तळे त्याच्या दुपटीहून मोठे! असे तळे कोणी बांधू शकत नाही. या एका आकड्यात सगळा विषय सामावला आहे. काळ्या मातीच्या खोऱ्यात नुसते तळे खणून १०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळता येत नाही.

आणखी एक बाजू पाहा. समजा ढिगाऱ्यावरून येणाऱ्या एका लिटर पाण्यात ५,००० मिलिग्रॅम माती आहे आणि त्यातला फक्त दहावा हिस्सा अतिसूक्ष्म चिकणमातीचा आहे. बाकी सगळे तळ्यात बसले तरी ५०० मिलिग्रॅम पाण्यात उरले, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. तळे नव्वद टक्के माती अडवते म्हणून त्याचे कौतुक होईल आणि नाला तरीही गढूळच वाहील.

यावर एक उपाय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी भरले की रांजणात तुरटी फिरवायची, किंवा निवळीचे बी आतल्या बाजूला घासायचे. सकाळपर्यंत गाळ तळाशी बसलेला असे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि एकत्र येत नाहीत. तुरटीसारखा पदार्थ तो भार नाहीसा करतो, कण एकमेकांना चिकटतात, मोठे होतात आणि मोठे झाले म्हणून लवकर बसतात. खाणीच्या तळ्यावर हेच तुरटीने किंवा पॉलिइलेक्ट्रोलाइटने करता येते. मात्र मात्रा अंदाजाने घालू नये. काचेच्या भांड्यांत त्याच पाण्यावर वेगवेगळ्या मात्रा घालून जार चाचणी करावी, तीही पावसाळ्यात पाणी बदलेल तशी पुन्हा पुन्हा. मात्रा कमी पडली तर पाणी निवळत नाही, जास्त झाली तर पैसा आणि रसायन दोन्ही नाल्यात जाते.

पण रसायन हा शेवटचा उपाय असावा. या पुस्तिकेची भूमिका एका वाक्यात सांगायची तर, तळ्याचे काम ढिगाऱ्यावर सुरू होते. जी माती उतारावरून सुटलीच नाही, ती पुन्हा पकडावी लागत नाही. उताराची सलग लांबी जितकी जास्त, तितका पाण्याचा वेग जास्त आणि मातीची धूप त्याहून जास्त. म्हणून ढिगाऱ्याला ठरावीक उंचीवर पायऱ्या म्हणजे बेंच द्यायचे, प्रत्येक बेंचचा उतार आतल्या बाजूला ठेवायचा आणि पाणी आतल्या नालीने बाजूला नेऊन दगडी उतारणीवरून खाली सोडायचे. बेंचच्या कडेवरून पाणी घरंगळू दिले की पहिल्याच पावसात बोटभर ओघळ पडतो, दुसऱ्या वर्षी तो घळ होतो. पायथ्याशी जाळीत दगड भरून टो वॉल बांधायची. वरची काळी सुपीक माती सुरुवातीलाच वेगळी काढून ठेवायची आणि ढिगाऱ्याचा जो भाग पूर्ण झाला त्यावर लगेच पसरायची, पुढच्या भागाची वाट न बघता. त्यावर आधी गवत, मग झुडपे, मग झाडे. काथ्याची जाळी अंथरून तिच्यात पेरलेले गवत पहिल्या पावसात वाचते. वाळ्याची मुळे उतार धरून ठेवतात. फोटोसाठी झाडाची रोपे जास्त लावली जातात, पण पहिली दोन वर्षे माती धरते ते गवतच.

दुसरी शिस्त पाण्याची. स्वच्छ पाणी स्वच्छ ठेवावे. खाणीच्या वरच्या अंगाला शेतांवर आणि माळावर पडणारा पाऊस खाणीच्या हद्दीत येऊच द्यायचा नाही. वळणनाल्याने तो बाजूने काढून थेट मूळ नाल्यात सोडायचा. हे पाणी ढिगाऱ्याच्या पाण्यात मिसळले की निष्कारण सगळेच गढूळ होते आणि तळ्याचा आकार बराच वाढवावा लागतो. याउलट ढिगारा, वाहतुकीचा रस्ता आणि कोळशाचे साठे यांवरचे पाणी एक थेंबही तळ्याबाहेर जाऊ नये. कोळशाच्या साठ्याखालचे आणि रेल्वे साइडिंगचे काळे पाणी तर वेगळ्याच तळ्यात घ्यावे. हलके कण त्यात सावकाश बसतात, म्हणून त्याला जास्त जागा लागते, पण खाली बसलेली भुकटी पुन्हा कोळसा म्हणून वापरता येते.

आता तळ्याची घडण. लांबी रुंदीच्या किमान तिप्पट असावी. पाणी येण्याचे तोंड आणि बाहेर जाण्याचे तोंड एकमेकांसमोर जवळ ठेवले तर पाणी तळ्याच्या मधून सरळ निघून जाते आणि बाजूचे कोपरे नुसते भरून राहतात. जागेचा आकार लांबट नसेल तर मध्ये आडव्या भिंती घालून पाण्याला नागमोडी वाट द्यावी. तोंडाशी एक छोटा वेगळा हौद ठेवावा, वाळू आणि खडी तिथेच थांबते आणि वरचेवर उपसता येते. बाहेर जाणारे पाणी रुंद सांडव्याच्या काठावरून पातळ थरात उतरावे. पाइपच्या भोकातून जोराने ओढले गेले तर बसलेला गाळही त्याबरोबर जातो. सांडव्याच्या आधी तरंगणारा कचरा आणि तेल अडवणारी आडवी फळी असावी. आणि नेहमीच्या वाटेशिवाय आपत्कालीन सांडवा हवाच, पक्क्या दगडाचा, बांधापेक्षा पुरेसा खाली.

गाळासाठी जागा वेगळी धरावी लागते. त्या ५० हेक्टर ढिगाऱ्यावरून एका पावसाळ्यात सरासरी एक सेंटिमीटर माती सुटली, तर ती ५,००० घनमीटर होते. तीन एकराच्या तळ्यात तिचा थर ४० सेंटिमीटरहून जाड. तळ्यात मोजपट्टी उभी करावी, तिच्यावर लाल खूण असावी आणि गाळासाठी राखलेल्या खोलीचा मोठा हिस्सा भरला की उपसा व्हावा. सगळे तळे मे महिन्याच्या अखेरीस रिकामे असले पाहिजे. मृगाचा पहिला पाऊस भरलेल्या तळ्यावर आला तर वर्षाच्या सुरुवातीलाच हार झाली असे समजावे. उपशासाठी लांब हाताच्या पोकलेनला काठावर उभे राहायला मजबूत जागा आणि आत उतरायला रॅम्प आराखड्यातच हवा. चाकणला बनलेली यंत्रे इथे पुन्हा कामी येतात. उपसलेला गाळ बांधाच्या काठावर टाकून ठेवायचा नाही, कारण पहिल्याच सरीत तो परत तळ्यात येतो. तो निथळू द्यावा आणि कोळसा काढून झालेल्या खड्ड्यात भरावा.

निवळण तळे सगळे काही दुरुस्त करत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ते फक्त तरंगते कण बसवते. विरघळलेले पदार्थ त्यात बसत नाहीत. गंधकयुक्त खनिजे हवा आणि पाण्याच्या संपर्कात आली की पाणी आम्लधर्मी होते. मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या नद्यांचे यामुळे जे झाले ते देशाने पाहिले आहे. म्हणून आराखड्याच्या आधी ढिगाऱ्यातल्या खडकाची आणि पाण्याच्या सामूची तपासणी करावी.

सुरक्षिततेचा भाग मी आवर्जून वेगळा काढतो, कारण त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजलेली आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधल्या अॅबरफॅन गावावर कोळसा खाणीचा ढिगारा घसरला. ढिगारा झऱ्यांवर रचला गेला होता आणि आत पाणी मुरत राहिले. १४४ माणसे गेली, त्यातली ११६ मुले. चौकशीत खाणी चालवणाऱ्या नॅशनल कोल बोर्डावर जबाबदारी निश्चित झाली. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक खोऱ्यात कोळशाच्या टाकाऊ मालाने घातलेला बांध पावसात फुटला आणि १२५ माणसे मेली. त्या बांधाला पुरेसा सांडवाच नव्हता. अमेरिकेत १९७७ मध्ये उघड्या खाणींसाठी स्वतंत्र कायदा आला आणि त्याखालच्या नियमांनी गाळतळ्यांसाठी दहा वर्षांतून एकदा येणारा चोवीस तासांचा पाऊस हे माप ठरवले. आपल्याकडचा २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू होतो. निवळण तळ्याचा चार-पाच मीटरचा बांध त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे त्याची मोठी जबाबदारी आराखड्यावर सही करणाऱ्या अभियंत्यावर येते. खाली वस्ती असेल तर बांध फुटल्यास पाणी कुठवर जाईल हे नकाशावर काढल्याशिवाय सही करू नये. तळ्याभोवती कुंपण, काठावर दोर आणि तरंगती रिंग ठेवावी. गुरे आणि मुले तिथे येतातच.

तळे काम करते की नाही, हे पावसातच तपासावे. उन्हाळ्यात किंवा दोन पावसांमधल्या उघडिपीत घेतलेला नमुना नेहमी चांगलाच येतो. पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या तासात, तळ्यात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा नमुना एकाच वेळी घ्यावा. प्रयोगशाळा दूर असेल तर इमहॉफ कोन या साध्या उपकरणाने निदान लवकर बसणारा गाळ तरी मोजता येतो. एक लिटर पाणी शंकूसारख्या भांड्यात भरून तासाभराने तळाशी किती मिलिलिटर गाळ बसला ते वाचायचे. हे मोजमाप खाणीतला शिकाऊ तंत्रज्ञ करू शकतो, आणि खालच्या गावातला शाळेचा विद्यार्थीही करू शकतो. गावकऱ्यांच्या हाती मोजमाप असले की तक्रारीचे संभाषण होते, आणि संभाषणातून काम पुढे सरकते.

चाकणच्या वाचकांना शेवटी एक सांगायचे आहे. ही पुस्तिका कोळशाची असली तरी तिचे गणित आपल्या दारातलेही आहे. खेड तालुक्यात टेकड्या कापून कारखान्यांसाठी सपाट जागा करताना उघडा पडलेला मुरूम आणि माती, मोशीच्या दगडखाणींतली भुकटी, रस्त्यांची आणि गृहप्रकल्पांची खोदाई यांवरचा पाऊस भामेत आणि इंद्रायणीतच जातो. ५० हेक्टरच्या जागी ५ हेक्टर घातले की वरच्या उदाहरणातले प्रवाहाचे, क्षेत्रफळाचे आणि गाळाच्या घनफळाचे आकडे दहावा हिस्सा होतात. नियम बदलत नाही. विदर्भातल्या खाणीकडून जी शिस्त आपण मागतो, ती आपल्या भूखंडावर लागू केली नाही तर आपल्या मागणीला वजन राहत नाही.

तरुण अभियंत्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ही पुस्तिका फक्त मंजुरीचा अहवाल तयार करण्यापुरती वापरू नये. खाणीच्या आराखड्याच्या पहिल्या नकाशावरच तळ्याची जागा आखा. जमीन संपादित झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात तळे बसवायला गेलात तर ते कधीच पुरत नाही. पावसाचे स्थानिक आकडे मिळवा, मातीचा नमुना चाळून आणि पाण्यात घोळवून कणांचे आकार मोजा, मग क्षेत्रफळ ठरवा. ढिगाऱ्यावर गवत उगवेपर्यंत तळ्याला पूर्ण दोष देऊ नका आणि तळे उपसलेले नसेल तर पावसाला दोष देऊ नका. वर्धेत, इरईत किंवा इंद्रायणीत जे पाणी आपण सोडतो, ते खालच्या गावाने प्यायचे असते. ते निवळून देणे हे खाणीचे, कारखान्याचे आणि त्यांच्या विजेवर जगणाऱ्या आपल्या सगळ्यांचे कर्तव्य आहे.